तिसरी गोळी

दांडी

एकनाथदादा,

‘आपल्या घरात कोन येडं नाय,’ आई बोलेनाशी झाली तेव्हा तू म्हणाला होतास. यंदा मीही तशीच बोलेनाशी झाले होते.

पालघरच्या मनाच्या डॉक्टरांच्या पहिल्या गोळीने दिवसभर झोप यायची. वाळलेले बोंबील काढायचे राहायचे. दुसरीने मळमळ, हातांना कापरं. तिसरी लागू पडली. महिन्याभराने मी आपणहून वेणी घातली.

आता सासूबाईंनी गोळ्या कुलपात ठेवल्यात. ‘तुजा भाऊस औषदांच्या कारखान्यात हाय. तोच बोलला, सवय लागते.’

डॉक्टर म्हणतात, मधेच थांबवायची नाही. दादा, सासूबाईंना एकदा फोन करून सांग, ‘घेऊ दे तिला.’ तू सांगणार नाहीस, ठाऊक आहे. तरी सांग.

तुझी,
सुलू