सूर्यास्तानंतरची पपई

प्रिय दामोदर,

तीन वेळा फोन केला. तिन्ही वेळा तुझ्या कार्यालयातल्या बाईंनी ‘वैद्यराज रेकॉर्डिंगमध्ये आहेत’ असं गोड आवाजात सांगितलं. म्हणून हे पत्र. पुण्याला निघालेल्या, इथल्या टांगा शहरातल्या एका कापड दुकानदाराबरोबर ते पाठवतो आहे. तू शेवटची ओळ वाचेपर्यंत उठायचं नाही, असं मी त्यांना बजावलं आहे. गृहस्थ वजनदार आहेत, एकदा बसले की सहजासहजी उठत नाहीत.

तुझी कीर्ती समुद्र ओलांडून आली, याचा आनंद मानावा की तुझ्या दारात येऊन तुझा कान धरावा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तुझ्या त्या फळांच्या व्हिडिओवर कोणीतरी स्वाहिली आवाज चढवला आणि तो आमच्या गल्लीतल्या प्रत्येक फोनवर पोचला. फळ सात ते दहा या वेळेतच खावं, पुढे ते पोटात कुजतं, आणि सूर्य मावळल्यावर तर साक्षात विष. मग तुझा तो श्लोक. स्वाहिली बोलणारा तिथे आदरानं गप्प बसतो आणि तुझा मूळ आवाज ऐकू येतो: ‘अस्तं याते दिवानाथे फलं विषसमं स्मृतम्।’ उच्चार अजून स्वच्छ आहेत, गुरुजींना बरं वाटलं असतं. ‘स्मृतम्’वर तू डोळे मिटतोस. कोणी स्मरलं, ते मात्र सांगत नाहीस.

बी म्वानाकोंबोंबद्दल तुला पूर्वी लिहिलं होतं; ‘बी’ म्हणजे इथलं आदराचं ‘बाई’. सव्वीस वर्षांपूर्वी इथल्या शाळेत गणित शिकवायला आलो तेव्हापासून मी त्यांचाच भाडेकरू. पहिल्याच महिन्यात मलेरियानं आडवा झालो होतो. अन्न समोर आलं की ओकारी यायची. तेव्हा सूर्यास्ताचा, मगरिबचा नमाज आटोपून ही बाई पपईची वाटी घेऊन यायची, वर लिंबू पिळायची आणि चमच्याचमच्यानं भरवायची. ‘मास्तर, तोंड उघड. तुझी आई इथे असती तर तिनं कानाखाली वाजवून भरवली असती. मी परकी, म्हणून विनवते आहे.’ नऊ दिवस मी सूर्यास्तानंतर विष खाल्लं, दामोदर. दहाव्या दिवशी वर्गावर गेलो.

आता त्या ऐंशीच्या पुढे आहेत. यंदाच्या मोठ्या पावसात ताप आला, तो गेला आणि जाताना भूक घेऊन गेला. मक्याची उगाली नको, नारळाचा भात नको, पेजसुद्धा नको. दिवसभरात एकच गोष्ट पोटात जायची. उन्हं उतरली, समुद्राकडून वारा सुटला की त्या दाराबाहेरच्या ओट्यावर येऊन बसत, येणाराजाणारा ‘शिकामू’ म्हणून पाया पडल्यासारखा नमस्कार करी, आणि त्या गप्पांमध्ये वाटीभर पपई संपत असे. तेवढ्यावर जीव धरून होत्या. मग तू आलास.

त्यांची सून साउमू तुझी भक्त झाली. तिला दोष देऊ नकोस, पोर जिवापाड करते. नवरा बंदरावर कामाला असतो, सासूचं सगळं तिच्यावरच. ‘मास्तर, माझ्या आईला आम्ही मागेल ते दिलं. ती गेली. ही जाऊ द्यायची नाहीये मला,’ असं म्हणून तिनं संध्याकाळची वाटी बंद केली. मी म्हटलं, बाई गं, रमझानात हा सगळा किनारा सूर्य मावळल्या क्षणी खजूर नि पपईवर तुटून पडतो. विष असतं तर ईदला नमाजाला माणूस उरला नसता. त्यावर तिचं उत्तर तयार होतं. ‘रोज्याची गोष्ट वेगळी. त्यात बरकत असते.’ तर्कशास्त्रात आपण दोघं पहिले आलो होतो. तिच्यापुढे तूही दुसरा आला असतास.

आता तुझ्या सात ते दहाची कथा ऐक. इथलं घड्याळ सूर्य उगवल्यावर सुरू होतं, आपल्या घटिकांसारखं. आपले सकाळचे सात म्हणजे यांचा एक. तुझ्या त्या अनुवादकानं आकडे जसेच्या तसे उचलले. परिणामी आमची गल्ली अगदी आतापर्यंत यांच्या सात ते दहात, म्हणजे आपल्या दुपारी एक ते चारमध्ये, शिस्तीत फळं खात होती. आणि सगळ्यांना गुण आला. शेजारच्या मामा तातूंचे (इथे ‘मामा’ म्हणजे आई) गुडघे दुखायचे थांबले, कोपऱ्यावरच्या न्हाव्याचं पित्त गेलं. तू ज्याला कुजण्याची वेळ म्हणतोस, नेमक्या त्याच वेळी. मी घड्याळाचा घोळ समजावून सांगितला तेव्हा वाटलं, आता तरी हसतील. मामा तातू गंभीरपणे म्हणाल्या, ‘चुकीच्या वेळी एवढा गुण, तर बरोबर वेळी केवढा येईल.’ दुसऱ्या दिवसापासून गल्ली सकाळी फळं खाऊ लागली. गुडघे होते तसेच बरे आहेत.

हसलास ना? मीही हसलो असतो. पण बी म्वानाकोंबो दुपारी एक ते चार झोपलेल्या असत. साउमू त्यांना उठवायची, फोड ओठांना लावायची, त्या मान फिरवायच्या. आता तेच सकाळी चालतं. औषधांनी तोंड कडू झालेलं असतं, एक फोडही आत जात नाही. संध्याकाळी वारा सुटतो, त्या ओट्यावर येतात, भूक लागल्याचं स्वतःच्या तोंडानं सांगतात, आणि सून डोळ्यांत पाणी आणून नाही म्हणते. तीन महिन्यांत सहा किलो वजन उतरलं. मनगटातली चांदीची कांकणं कोपरापर्यंत सरकतात. दवाखान्यातला तरुण डॉक्टर म्हणाला, ‘आजींना मागतील तेव्हा मागतील ते द्या.’ साउमूनं त्याला विचारलं, ‘तुमचं पुस्तक किती जुनं?’ तो बिचारा परवाच्या वर्षी पास झालेला.

मी चोरून द्यायचाही प्रयत्न केला. साउमू विहिरीवर गेल्याचं पाहून वाटी पुढे केली. बींनी वाटीकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि झाकण ठेवलं. ‘ती माझ्यासाठी रडते, मास्तर. तिच्या पाठीमागे खाल्लं तर मला ते गिळवेल का?’ दामोदर, त्या क्षणी तू समोर असतास तर आपली पस्तीस वर्षांची मैत्री मी तिथेच ओट्यावर आपटली असती. माणसाला भूक लागते तेव्हा त्यानं खावं, एवढं सांगायला तुला कोणता ग्रंथ हवा होता?

शेवटी परवा मी दोघींना समोर बसवून एक गोष्ट सांगितली. तीच आता तुला सांगायची आहे, म्हणून हा सारा खटाटोप. साताऱ्याच्या वसतिगृहात माझ्या ट्रंकेत घरून आलेले चिकू असायचे, आणि संध्याकाळी मी पाठाला गेलो की ते कमी व्हायचे. तुला चोर म्हणायचं धैर्य नव्हतं, वृत्त मात्र जमत होतं. मी एक अनुष्टुभ रचला, हाच तुझा ‘अस्तं याते दिवानाथे’, चहात बुडवून वाळवलेल्या कागदावर बोरूनं लिहिला आणि चिकूंवर ठेवला. तू तो वहीत उतरवून घेतलास. पुढे तुझ्या पहिल्या पुस्तकात तो ‘प्राचीन वचन’ म्हणून छापून आला, तेव्हा मी एकटाच पोट धरून हसलो आणि गप्प राहिलो. पुढेही दर आवृत्तीला हसलो. तुझ्यावरचा हा सगळा संताप वाचून झाला असेल, तर त्यातला मोठा वाटा माझ्या नावावर लिही. साउमूनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘मास्तर, तुमचा जीव आहे त्यांच्यावर. तुम्ही त्यांच्यासाठी खोटंही बोलाल. व्हिडिओतल्या त्या वैद्यांनी स्वतः सांगितलं तर मी आजच पपई कापते.’ तेव्हा कापड दुकानदार समोर बसलेले असतानाच फोन उचल, तुझ्या तोंडानं दोन वाक्यं बोल आणि मला पाठव. स्वाहिली मी करीन, घड्याळासकट. बी म्वानाकोंबोंनी तुला एकच प्रश्न विचारायला सांगितला आहे: ते चिकू खाऊन तुला काही झालं होतं का? मी त्यांना म्हटलं, काही नाही, चांगला धडधाकट आहे. हे त्यांच्या सुनेला तू सांग. पपई पिकली आहे.

तुझाच, चिकूंचा धनी,
नरहर