मागच्या खोलीतला मिक्सर आणि त्याचा प्लग

मागच्या खोलीतला आवाजाचा मिक्सर आता पूर्वीसारखा कधीच चालणार नाही, असे दुरुस्ती कारागिराने या सोमवारी झाकण उघडून, आत बॅटरीचा उजेड टाकून सांगितले. माझ्या फुप्फुसांबद्दल मोठ्या डॉक्टरांनी गेल्या आठवड्यात साधारण हेच सांगितले होते. झाकण तेवढे उघडले नव्हते. या दोन बातम्यांमुळे माझे आधीचे मृत्युपत्र निरुपयोगी झाले आहे. ते मी रद्द करते. यापुढे हेच खरे धरावे.

लिहिणारी मी, वय वर्षे एकाहत्तर, रेडिओच्या बातमी विभागातून निवृत्त. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दम ठिकाणावर नाही, तेही त्यातच आहे. मला कोणी धमकावलेले, भुलवलेले किंवा काही पाजलेले नाही. जन्मभर बातमीपत्रे लिहिली, त्यामुळे महत्त्वाचे आधी आणि उरलेले वेळ मिळाला तर, ही सवय आहे.

घर लेकीचे. बँकेतले जे असेल तेही तिचे. ती एकुलती एक आहे, त्यामुळे या कलमावर भांडायला कोणी नाही. स्वयंपाकघरातला मिक्सरही तिचाच. हे मुद्दाम लिहिते, कारण वकिलांनी पहिल्या मसुद्यात दोन्हींची गल्लत करून मागच्या खोलीतल्या मिक्सरला "भांड्यांसह" असे लिहिले होते.

धाकट्या दिरांना मी मखमली अस्तराची एक रिकामी पेटी देते. माझे यजमान, म्हणजे हे, आणि दीर मिळून मागच्या खोलीत रेकॉर्डिंगचा धंदा करत. दीर वेगळे झाले तेव्हा दोन चांगले मायक्रोफोन "चार दिवसांसाठी" घेऊन गेले. ते चार दिवस अजून संपलेले नाहीत. मायक्रोफोन त्यांच्याकडे आणि पेटी आमच्याकडे, असे बरे दिसत नाही.

आता मिक्सर. तो ठेवण्यालायक आहे की नाही, हे ठरवण्यासाठीच हा कागद नव्याने लिहावा लागला.

तो लांबीला जेवणाच्या टेबलाएवढा आहे. दोन्ही कडांना लाकूड, वर आवाज कमीजास्त करणाऱ्या सरकत्या खुंट्यांची, म्हणजे फेडरची, रांग, माथ्यावर काट्यांचे मीटर. समोरच्या काचेपलीकडे माणसे गायची, बोलायची, साबणाच्या जाहिराती वाचायची, मुलांचे धडे म्हणायची. त्यांचे आवाज इथे येऊन कमीजास्त व्हायचे आणि टेपवर जायचे. हा मिक्सर आमच्या घरी आल्यापासून आम्ही कधी बंद केला नव्हता. अशी यंत्रे गरम असतात तोवर जगतात. एकदा थंड झाली की आतले जुने भाग आकसतात आणि पुन्हा वीज सोडली की एकेक करून मान टाकतात. म्हणून गावाला जाताना आम्ही गॅस बंद करायचो, नळ बंद करायचो आणि मिक्सर चालू ठेवायचो. त्याची बारीक घरघर घरात कायम असे. लेक लहानपणी मैत्रिणीकडे राहायला गेली तर तिला झोप येत नसे. म्हणायची, "त्यांचं घर मुकं आहे गं आई."

रोज सकाळी चहाच्या आधी यजमान सगळे फेडर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवायचे, म्हणजे ते अडकत नाहीत. हे गेल्यावर ते काम मी करू लागले. रेकॉर्डिंगला कोणी येत नव्हते. फेडर मात्र अडकले नाहीत.

मी दवाखान्यात असताना जावई घर बघायला येऊन राहिले. त्यांनी झाडांना पाणी घातले, गळका नळ दुरुस्त करून घेतला, मागची खोली झाडून पुसून काढली. मग मला भेटायला आले आणि म्हणाले, "आई, तुम्ही काही काळजी करू नका. मागचं ते धूड मी बंद केलंय. हात लावला तर चटका बसत होता. आग लागली असती म्हणजे?"

नर्स तेव्हा माझ्या तोंडावर मास्क बांधत होती. मी मास्क बाजूला केला आणि म्हणाले, "बरं केलंत."

हे कलम वाचले जाईल तेव्हा जावई समोर असतील. त्यांनी मान खाली घालू नये. या घरात काय बंद करायचे नसते, हे त्यांना आम्ही कोणी सांगितलेच नव्हते. आम्हाला वाटायचे, घरघर ऐकू येते म्हणजे कळतच असेल.

घरी आल्यावर मी कारागिराला बोलावले. हा यांचा जुना सोबती. त्याने बटण दाबले. काही काटे हलले, बरेच हलले नाहीत. मधूनच चण्याफुटाण्यासारखा आवाज आला आणि करपल्याचा वास सुटला. त्याने लगेच वीज तोडली.

"वहिनी, आतले कपॅसिटर सुकलेत सगळे," तो म्हणाला. "एक बदलला तर शेजारचा जाणार. आणि बदलायला आणू कुठून?"

"पण ठेवण्यासारखा आहे का? खरं सांग."

"ठेवण्यासारखा आहे हो. पण ठेवणार कोण?"

मी शोध घेतला नाही असे नाही. संगीत शिकवणाऱ्या संस्थेने फार नम्रपणे कळवले की त्यांचे सगळे काम आता लॅपटॉपवर होते. एक गाणारा तरुण येऊन गेला. यंत्राभोवती फिरला, "काय चीज आहे!" म्हणाला, फोटो काढले आणि भिंतीवर लावायला फक्त मीटर मागू लागला. भंगारवाला आतले तांबे किती निघेल ते विचारून गेला. त्याचा प्रश्न सगळ्यांत सरळ होता.

लेक म्हणाली, "आई, राहू दे. बाबांचा आवाज असेल त्यात कुठंतरी."

तिला समजावताना मला फार दम लागला, म्हणून इथे लिहून ठेवते. मिक्सरमध्ये काहीही साठत नाही, बाळा. आवाज एका बाजूने येतो आणि दुसऱ्या बाजूने जातो. जे साठते ते टेपवर, आणि टेप महाग म्हणून काम संपले की आम्ही ती पुसून दुसऱ्या कामाला घ्यायचो. बाबा बोलायचे ते काचेपलीकडच्या माणसाशी, बटण दाबून: "चला, घेतोय." बटण सोडले की टेप सुरू. त्यामुळे सगळ्यांचे आवाज टेपवर गेले आणि तेवढा त्यांचाच गेला नाही. हा धंदा असाच होता.

तेव्हा मिक्सर कोणी ठेवू नये. आठवण म्हणून नको, शोभेला नको, अर्धा नको. मीटर भिंतीवर लावू नयेत. तो अख्खा भंगारात द्यावा.

माझा बेत निराळा होता. मला तो कारागिराला द्यायचा होता, सोबत यांची सोल्डरिंगची पेटी, जिच्यावर त्याचा कित्येक वर्षे डोळा आहे. पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू शकत नाही, असे वकिलांनी त्याच्यासमोर सांगितले. त्यावर तो घाईघाईने म्हणाला, "मग वहिनी, साक्षीला मीच बसतो." पेटीवर पाणी सोडले, पण मिक्सर टाळला. त्याचे घर दोन खोल्यांचे आहे. मी रागावले नाही. पेटी आज दुपारी, या कागदाच्या बाहेर, माझ्या हाताने त्याला दिली. ती घेताना तो मिक्सरकडे पाठ करून उभा राहिला.

मिक्सर आत्ताच का हलवायचा, तेही लिहिते. मला जिना चढवत नाही. खालच्या मजल्यावर पलंग मावेल अशी मागचीच खोली आहे. पलंगाशेजारी हवेतून प्राणवायू काढणारे यंत्र लागणार आहे आणि ते दिवसरात्र चालणार. त्याला लागणारी जाड वायर आणि मोठा प्लग घरात एकाच जागी आहे: मिक्सरचा. ते यंत्र दुकानात चालवून दाखवले तेव्हा बारीक घरघर करत होते. जावई विक्रेत्याला म्हणाले, "जरा कमी आवाजाचं नाही का?" लेक म्हणाली, "असू दे."

ते यंत्र बंद करायचे नाही, असे डॉक्टरांनी जावयांना दोनदा बजावले आहे. त्यांनी बटणावर चिकटपट्टी लावायचे ठरवले आहे. भले गृहस्थ आहेत.

शेवटचे कलम त्यांच्यासाठी. मी गेल्यावरही ते यंत्र चालूच राहील; त्याला कळणार नाही. कोणाला तरी उठून ते बंद करावे लागेल. लेकीला ते करायला लावू नये. तिला बाहेरच्या खोलीत न्यावे, दार लोटून घ्यावे, आणि जावयांनी चिकटपट्टी काढून बटण दाबावे. घर एकदम मुके होईल. त्या वेळी त्यांनी तिच्याजवळ बसावे. बोलले नाही तरी चालेल.

हे सर्व मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

सही: लिहिणारी

साक्षीदार पहिला: दुरुस्ती कारागीर (सही)
साक्षीदार दुसरी: शेजारच्या शिंपीणबाई (सही, "मला काही मिळणार असेल तर आत्ताच सांगा, काकू," असे विचारून)

ठिकाण: मागची खोली, मिक्सरपुढचे स्टूल
दिनांक: शुक्रवार. उद्या सकाळी हमाल येतील. पलंग दुपारपर्यंत लागेल, असे जावई म्हणतात.