कणकेचा चढ

मॅडम, आज सेकंड इयरच्या वर्गात एका मुलीनं फळ्यावर गणित बरोबर सोडवलं आणि मी तिला विचारलं, हे जे निघालं ते आहे काय? ती खडूकडे पाहत उभी राहिली. तशीच मी उभी होते, तुमच्या वर्गात. राज्य तेव्हा नवंनवं वेगळं झालं होतं, आमचं शहर राजधानी झालं होतं, शंकर नगरात एकेका बंगल्यावर नव्या कार्यालयाची पाटी चढत होती आणि तुम्ही विचारत होतात, "काय निघालं?" मी म्हणाले, टू एक्स वाय. "ते दिसून राहिलं मले. ते आहे काय?" पार्शल डेरिव्हेटिव्ह, मी म्हणाले. "ते नाव झालं." वर्गात कोणी हसलं नाही, कारण कोणालाच माहीत नव्हतं. "बस खाली. हात शिकला तुझा, तू नाही शिकली." मराठीत बोललात म्हणून बाकीच्या हिंदी बोलणाऱ्यांना अर्धंच कळलं, मला मात्र पुरतं लागलं.

त्या वर्षी गणिताच्या पेपरात माझी सप्लिमेंटरी आली, म्हणजे तो पेपर पुन्हा द्यायचा. बाबा भनपुरीत एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात होते, आम्ही राहायचो तिथंच मागच्या गल्लीत. त्यांनी आवाज चढवला नाही. नुसतं म्हणाले, "बीए कर प्रायव्हेट, घरी बसून होते." मी हो म्हणाले. मनात कुठंतरी सुटल्यासारखंही वाटलं होतं, हे तुम्हाला कधी कळलं नाही.

आणि मग तुम्ही आमच्या दारात. स्कूटर ट्रकांच्या मधून काढत आला होतात, पदराला धूळ. आई चहा ठेवायला आत गेली. बाबा खुर्चीच्या टोकावर बसले आणि म्हणाले, "मॅडम, पोट्टीले झेपून नाही राहिलं तं काहून ताणता?" मला वाटलं, तुम्ही माझी तारीफ कराल, हुशार आहे वगैरे. तुम्ही म्हणालात, "झेपत नाही असं नाही, भाऊ. आम्ही शिकवलंच नाही तिले. सूत्रं दिली आन् पुढं गेलो. चूक आमची आहे, तिले काहून घरी बसवता?" कॉलेजातली मॅडम घरी येऊन चूक कबूल करते, असं बाबांनी कुठं पाहिलेलं नव्हतं. त्यांनी कप बशीत ठेवला. मग म्हणाले, "हव. परीक्षेपर्यंत पाहू."

दर रविवारी सकाळी मी तुमच्याकडे यायची. पहिल्या रविवारी मी वही काढली तर तुम्ही म्हणालात, राहू दे, आत ये. तुम्ही कणीक मळून ठेवली होती. ती पोळपाटावर घेऊन तुम्ही तिचा डोंगर केला, एका बाजूला बसका, एका बाजूला उभा. चढावर बोटानं एक खूण केली. म्हणालात, एक्स म्हणजे खिडकीकडे, वाय म्हणजे गॅसकडे. मग सुरी घेऊन त्या खुणेतून खिडकीच्या दिशेनं सरळ काप दिला आणि एक भाग बाजूला केला. कापलेल्या कडेवर चढाची रेघ उमटलेली. "किती चढ आहे?" थोडा, मी म्हणाले. तुकडे परत जोडले, त्याच खुणेतून गॅसच्या दिशेनं काप दिला. आता रेघ चांगलीच उभी. "जागा तीच, मग चढ दोन कसे?" मी म्हणाले, रस्ते दोन आहेत म्हणून. तुम्ही मान हलवलीत. "एक बदलू द्यायचं आन् दुसरं धरून ठेवायचं. इतकंच आहे ते." मग विचारलंत, सगळ्यात जास्त चढ कोणत्या बाजूनं? मी बोट फिरवून पाहिलं. गॅसच्या जवळ, पण थोडं खिडकीकडे झुकलेलं. "त्याले ग्रेडियंट म्हणतात," तुम्ही म्हणालात आणि लाटणं माझ्या हातात दिलं. त्या डोंगराच्या पोळ्या मीच लाटल्या. एकही गोल झाली नाही, तरी तुम्ही त्याच ताटात वाढल्यात.

पेपर निघाला, मी पास झाले. बाबांनी पुढं कधी विषय काढला नाही. पण खरं सांगू, तेव्हा मला कणकेपुरतंच समजलं होतं. पूर्ण समजलं ते नोकरी लागल्यावर, तुम्ही गेल्यानंतरच्या वर्षी. एका मुलानं विचारलं, "मैम, गैस को एक डिग्री गरम करने में कितनी गर्मी लगेगी?" मी त्याला विचारलं, "साथ में स्थिर क्या रखा है?" डबा बंद असेल तर एक उत्तर, वरचं झाकण सरकू दिलं तर दुसरं, प्रश्न मात्र तोच. बोलता बोलता मी थांबले. इतकी वर्षं मी धरून ठेवलेल्या गोष्टीला न बदलणारी म्हणून सोडून देत होते, आणि उत्तर तर तीच ठरवत होती. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. "अच्छा," तो म्हणाला आणि भाजी वाढून घेतली. त्याचंही बरोबर आहे. हे ज्याला सांगावं असं माणूस एकच होतं.

आजच्या मुलीला मी खाली बस म्हणाले नाही. उद्या परत विचारीन.

हे पाठवायचं नाही, तेव्हा एक गोष्ट लिहायला हरकत नाही. कर्ल, ते प्रवाहातला भोवरा मोजणारं गणित, मला अजून नीट समजलेलं नाही, मॅडम. दरवर्षी शिकवते. यंदा वर्गाला तसं सांगूनही टाकलं. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "हमको भी नहीं, मैम," आणि त्या दिवशी पहिल्यांदा तास संपल्यावरही कोणी उठेना.