गरम पेटीचे झाकण

मी, चारुलता हितेंद्र झोपे, वय ६१ वर्षे, धंदा घरकाम, राहणार जळगाव, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. प्रकृती ठीक आहे, गुडघे सोडून. डोके शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. माझे पती हितेंद्र गेल्या श्रावणात वारले. त्यांनी छत्तीस वर्षांत दडपण आणले नाही, तर आता कोण आणणार?

त्यांचे सामान कोणाला द्यायचे याची यादी करायला बसले, तेव्हा बारा वर्षे दाबून ठेवलेली एक गोष्ट सांगितल्याशिवाय यादी पुरी होईना. म्हणून कलम पाच थोडे लांबले आहे.

१. राहते घर माझ्या नावावर आहे. ते मुलगा किरण आणि मुलगी सारिका यांना निम्मे निम्मे. बँकेतली ठेवही तशीच. भांडायचे असल्यास माझ्या तेराव्यानंतर भांडावे, पंगतीत नको.

२. गळ्यातली पोत सारिकाला. पाटल्या किरणच्या बायकोला. पितळी घंगाळ ज्याला उचलता येईल त्याला.

३. मागच्या खोलीतली गरम पेटी. हे पाइपच्या कारखान्यात फिटर होते. सारिका शाळेत धनुर्विद्येला जाऊ लागली, पण शाळेतले धनुष्य तिच्या हाताला मोठे पडायचे. मग हे स्वतःच करायला बसले. बांबूच्या आणि लाकडाच्या पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवायच्या, साच्यावर ठेवून सायकलच्या ट्यूबने आवळायच्या आणि चिकटा पक्का होण्यासाठी पासष्ट अंशांत सहा तास ठेवायच्या. त्यासाठी ही पेटी. माणूस झोपेल एवढी लांब, प्लायवुडची, आतून चंदेरी पत्रा, चार बल्ब, आणि अंडी उबवायच्या मशीनचा थर्मोस्टॅट. झाकणावर खडूने लिहिलेले, ‘गार होईपर्यंत उघडू नये.’ दिवसभर घरात मी एकटीच असायचे, म्हणजे ते माझ्यासाठीच होते.

किरण म्हणतो, पेटी भंगारवाल्याला दे. देऊ नये. पेटी सारिकाची.

४. भिंतीवरचा तापमापक माझे दीर भिकनभाऊ यांना. पेटी बनत होती तेव्हा ते गावाहून केळीचा घड घेऊन आले आणि दारातूनच ओरडले, “काबरं दादा, मे महिन्यात जयगावात गरम पेटी करून राह्यला? गच्चीवर ठेव नं बापा, आपोआप शिजीन!” सगळी गल्ली हसली. हे म्हणाले, “गच्चीवर थर्मोस्टॅट नाही.” तरी भिकनभाऊंनी हा तापमापक घेऊन आमच्या गच्चीवर उभे राहावे. पासष्ट अंश दिसल्यास मला वर कळवावे.

५. आता ती गोष्ट. बारा वर्षांपूर्वी सारिकाची धुळ्याला निवड चाचणी होती. तिच्यासाठी यांनी नवीन धनुष्य चिकटवले, पेटीत ठेवले आणि कामावर गेले. त्याच सकाळी मी आणि शेजारच्या पुष्पाबाईंनी ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे आमच्याकडचे पापड, वाळत घातल्या होत्या. दुपारी आभाळ भरून आले. ओल्या बिबड्या, वारा, आणि घरात एवढी छान गरम पेटी. मी दोनदा झाकण उघडले. एकदा बिबड्या ठेवायला, एकदा उलटायला. बिबड्या उत्तम वाळल्या. संध्याकाळी यांनी दोन खाल्ल्या आणि विचारले, “इतक्या लवकर वाळल्या?”

मी म्हटले, “ऊन होतं.”

त्यांनी खिडकीतून आभाळाकडे पाहिले आणि तिसरी घेतली.

धुळ्याला तिसऱ्याच बाणाला धनुष्याच्या पट्ट्या उकलल्या. आत ओल गेली होती, चिकटा कच्चा राहिला होता. येताना एसटीत सारिका म्हणाली, “नाना, तुमच्या हातचं धनुष्य मी आता घेणार नाही.”

हे म्हणाले, “बरोबर आहे. माझाच चिकटा कमी पडला असेल.”

मी खिडकीशी बसले होते. मांडीवर डबा होता. डब्यात बिबड्या होत्या. मी डब्याचे झाकण घट्ट लावले.

सारिका आता पारोळ्याला शाळेत मुलांना धनुर्विद्या शिकवते, विकतच्या धनुष्यांवर. हे दरवर्षी तिच्या मापाचे एक धनुष्य करायचे आणि शेवटी कोणाच्या तरी मुलाला देऊन टाकायचे. सारिका, त्यांचा हात चुकला नव्हता. माझा चुकला.

६. जाळीची छोटी पेटी. आम्ही धुळ्याहून परतल्यावर आठवड्यात ही माझ्या स्वयंपाकघरात आली. आत एक बल्ब, तीन ताटल्या. मी विचारले, हे काय? म्हणाले, “फळी उरली होती. तुला मेथी वाळवायला.” त्याच दिवशी मोठ्या पेटीला कडी बसली. परवा यादी करताना मी दोन्ही पेट्यांवर हात फिरवला. मोठी प्लायची आहे. छोटी सागाची आहे. प्लायच्या पेटीतून सागाची फळी कशी उरेल? म्हणजे यांना ठाऊक होते. लेकीचा बोल स्वतःवर घेतला आणि मला पेटी करून दिली. मी बारा वर्षे त्यात मेथी वाळवली आणि यांना काही कळत नाही असे समजत राहिले. छोटी पेटी मी कोणाला देत नाही. माझ्यानंतर सारिकाने ठरवावे.

७. मोठ्या पेटीत एक धनुष्य आहे. यांनी आजारी पडण्याच्या आदल्या दिवशी चिकटवले, सहा तास दिले, बल्ब बंद केले. काढायचे राहिले. ते सारिकाचे. वकील म्हणाले की मृत्युपत्र मेल्यानंतर वाचतात. तेवढे थांबायला नको. कलम पाच, सहा आणि सात मी हयातीतच लागू करते, म्हणजे सारिकाला वाचून दाखवते. तिला फोन केला.

“आई, रविवारी काय विशेष?”

“भरीत.”

“भरीत तर नेहमीचंच.”

“तू ये.”

ती येते म्हणाली. कडी तिनेच काढायची. झाकण मी उघडलेले नाही. या वेळी खरोखरच नाही.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, एकही ओळ खोडली नाही, आणि साक्षीदारांसमोर सही केली.

सही: चारुलता हितेंद्र झोपे

साक्षीदार:
१. पुष्पाबाई सुपडू भारंबे, शेजारीण. (साक्षीदाराला काही ठेवता येत नाही, म्हणून बिबड्यांचा डबा त्यांना आजच दिला.)
२. कुंदन नवल पाटील, गल्लीतले दुकानदार.

ठिकाण: जळगाव
दिनांक: ९ जानेवारी २०२५