बाराशे ऐंशी बायका

आई, आज ऑफिसात माझं डोकं फिरलं. ज्याच्यावर फिरलं तो पोरगा मजेत घरी गेला असेल, आणि मी इथे स्वयंपाकघरात बसून तुझ्यावर चिडते आहे. तू जाऊन इतकी वर्षं झाली तरी आपलं ते भांडण काही मिटलेलं नाही. त्या दिवशी तू मला खाली बसवलंस ना, ते मी विसरलेले नाही.

टेलिफोन खात्यातला तुमचा टेलेक्स विभाग, टाइप केलेले निरोप तारेने पाठवणारा, बंद झाला तो दिवस. मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. "माझं मशीन एकदा बघून घे, उद्यापासून त्याच्यावर झाकण पडणार," म्हणून तू मला मुद्दाम नेलं होतंस. टेबलावर सामोसे, वेफर्स, कागदी पेले. तुम्ही सगळ्या जणी ठेवणीतल्या साड्या नेसून आलेल्या, जसं काही कोणाचं लग्नच आहे. साहेब उभे राहतात. घसा खाकरतात. म्हणतात, "आपलं टेलेक्स सेकंदाला पन्नास बिट पाठवतं, नवी लाइन चौसष्ट हजार. करा भागाकार! एक लाइन म्हणजे आपल्या बाराशे ऐंशी बायका. आणि लाइन बाळंतपणाची रजा मागत नाही." सगळा हॉल खदखदून हसला. तूही हसलीस, आई. पदर तोंडाला लावून हसलीस. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

आणि त्यात गणितही चुकलेलं! बिट म्हणजे तारेवरचा एकेक ठोका. तुमच्या मशीनला एक अक्षर पाठवायला साडेसात ठोके लागायचे, नव्या लाइनला आठ. मग नुसते ठोके भागून कसं चालेल, अक्षरं भागायला नकोत? ती भागली की बाराशे येतात. ऐंशी बायका साहेबांनी हसता हसता फुकट उडवल्या. हे आम्हाला आदल्याच आठवड्यात वर्गात शिकवलं होतं. मी उठले, "सर, एक मिनिट" म्हणाले, आणि तू माझा हात असा खेचलास की बांगडी वाढली. "खाली बस. शोभा करू नकोस."

बसमध्ये मी तिकिटाच्या मागे तो भागाकार करून तुझ्या हातात दिला. कात्रजला उतरल्यावर तू म्हणालीस, "बाराशे काय आणि बाराशे ऐंशी काय, मी दोन्हीत आहेच ना?" मी म्हणाले, "मग हसलीस कशाला?" तर म्हणे, उद्यापासून कोणाला कुठे बसवायचं ते साहेबच ठरवणार, आणि तुला तक्रारीच्या खिडकीवर जायचं नव्हतं. घरी येऊन तू ओट्यापाशी उभी राहिलीस, दूध तापायची वाट बघत, बोटांनी ओट्यावर टकटक करत. ती सवय तुझी शेवटपर्यंत गेली नाही. आणि बसवलं कुठे तुला? तक्रारीच्याच खिडकीवर! निवृत्त होईपर्यंत दुसऱ्यांच्या बंद पडलेल्या फोनांसाठी शिव्या खाल्ल्यास. सांग ना, हसून काय मिळवलंस?

आता बँकांच्या जुन्या लाइनी काढून तिथे फायबर टाकायचं काम माझ्याकडे आहे. आज मीटिंगमध्ये आमचा नवा मॅनेजर, माझ्या भाच्याच्या वयाचा, म्हणतो, "मॅम, एका फायबरमध्ये जुन्या लाइनी किती बसतात ते स्लाइडवर टाका. आणि त्या सांभाळणारे किती लोक फ्री होतील, तेही." तीच माणसं समोर बसलेली, वह्या उघडून! मी म्हणाले, "लाइनींचा आकडा देते. माणसं कुठल्या एककात मोजायची ते आपण सांगा." तो म्हणतो, "चिल मॅम, रफ फिगर चालेल." मी म्हणाले, "मला नाही चालणार. आपणच भागाकार करा आणि ह्यांच्या तोंडावर वाचून दाखवा." त्याने गुपचूप पुढची स्लाइड लावली. उद्या ती माणसांच्या आकड्याची स्लाइड दुसऱ्या कोणाकडून करून घेईल, तेवढं कळतं मला, मी काय दुधखुळी नाही. पण आज कोणी हसलं नाही. बोलता येतं, आई. एवढंच तुला सांगायचं होतं, म्हणून हे लिहायला बसले. पत्र टाकायला पत्ता नाही, तरीसुद्धा.

लिहिताना तो जुना भागाकार पुन्हा एकदा करून बघितला. पन्नास बिट म्हणजे मिनिटाला चारशे अक्षरं, साधारण सहासष्ट शब्द. आकडा बरोबर आला, आणि मग माझा हातच थांबला. हा तर मशीनचा वेग. तू कितीही भरभर बडवलंस तरी ते तेवढंच पाठवणार. साहेबांनी मशीन मोजलं, आणि मीही एवढी वर्षं तावातावाने मशीनच मोजत आले. दूध तापेपर्यंत तुझी बोटं ओट्यावर धावायची, ती सहासष्टाच्या कितीतरी पुढे असणार. मी रोज तिथेच शेजारी उभी असायचे, कपबशा विसळत. तुझा स्वतःचा वेग किती होता, ते मी तुला एकदाही विचारलं नाही.