वणांवरचा उजेड

मास्तर, तुम्ही कसे आहात? कंबर काय म्हणते? डार्करूममध्ये वाकून वाकून धरायची, तिथं तरी कोणी शेकून देतं का? तुम्हाला जाऊन तीसेक वर्षं झाली, तरी हे विचारल्याशिवाय मला पुढचं सुचत नाही. काकूंचा दमा बसला का? आमचे हे चार वर्षांपूर्वी तिकडंच आले. भेटले तर गोडाचं ताट पुढं करू नका, साखर वाढलेली असते आणि ऐकत मात्र नाहीत. माझं म्हणाल तर गुडघे कुरकुरतात, दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली, बाकी जुनं हाड आहे, चाललंय.

पत्राला कारण झालं नातीचं. ती चाकणला कंपनीत आहे, राहायला आम्ही रावेतला. येत्या रविवारी मला पंचाहत्तर पूर्ण होतात, म्हणून हॉलमध्ये माझा मोठा फोटो लावायचा घाट तिनं घातलाय. परवा मोबाइल पुढं करून म्हणते, "आजी, बघ, कसली भारी दिसतेयस!" बघते तर मीच, पंचविशीतली. केस मोकळे, पदर वाऱ्यावर, मागं निळा उजेड. गाल घोटीव दगडासारखे गुळगुळीत. लहानपणी देवी आल्या होत्या, त्यांचा एक वण शिल्लक नाही. मी विचारलं, "हा कधी काढला गं?" तर म्हणाली, "काढला नाही, बनवला. तुझा आत्ताचा फोटो दिला मशीनला." खुर्ची नाही, दिवा नाही, हनुवटी जरा वर घ्या म्हणणारं कोणी नाही. हाच लावू का, एवढं तिला माझ्याकडून हवंय. आणि तेवढंच मला सांगता येईना.

तुमचा दापोडीचा स्टुडिओ डोळ्यापुढं येतो. मी लग्न होऊन नवी आलेली, चित्रकलेचा हात बरा म्हणून तुम्ही मला निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून चेहऱ्यावरचे डाग भरायला बसवलेलं. यांची पहिली शिफ्ट असली की मी येते. दुपारी बायका येतात, पिशवीत साडी लपवून. पासपोर्टचा फोटो सांगून घरातून निघालेल्या असतात आणि इथं आल्यावर हळूच म्हणतात, "मास्तर, तसला काढा की, हिरोईनसारखा." मग बागेचा रंगवलेला पडदा, काकूंचा काळा चष्मा, मानेमागं एक दिवा. तुमची रीत एकच. दिवा लावायच्या आधी बाईला विचारायचं, चेहऱ्यावरचं काय ठेवायचं, काय काढायचं. ती सांगेल ते पाकिटावर लिहायचं, मगच माझी पेन्सिल.

एकदा पाकिटावर काहीच लिहिलेलं नव्हतं. पॅकिंगच्या खात्यात काम करणारी पिंपरीची बाई, मानेवर भाजल्याचा हा एवढा डाग. मला वाटलं, तुम्ही विसरलात. दोन दिवस खपून मी तो डाग असा भरला की मागमूस नाही. बाईनं फोटो हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. "व्हय ओ मास्तर, ही कोन? माज्या जावंला बसवलं व्हतं का काय? ती हाय अशी गोरी गुळगुळीत. माज्या मानंवरचं कुठं गेलं? चूल भडकली तवा पोराला वाचवताना भाजलंय ते, आमी कदी झाकलं न्हाई." तुम्ही तिला पुन्हा बसवलंत. ती गेल्यावर मला म्हणालात, "ताई, हात चांगला आहे तुमचा. पण विचारलंत का तिला?" आवाज चढवला नाहीत, म्हणून जास्त लागलं.

पुढं मॉडेल व्हायला निघालेल्या मुलींचे जाड आल्बम आले, रोल गेले, कॉम्प्युटर आला. तो मी तुमच्या माघारी, पन्नाशीत, चुकत-माकत शिकले. आता चेहरा गुळगुळीत करायला पेन्सिल लागत नाही, बोटानं दाबलं की झालं. उद्या बहुतेक माणूसही लागणार नाही. मी नावं ठेवत नाही. आपणही पडद्यावरची बागच विकत होतो. हौस तीच आहे. पण आपल्याकडं ती बाई निदान खुर्चीत येऊन बसत तरी होती.

मी कधी बसले नाही. तुम्ही दर दिवाळीला म्हणायचात, "ताई, या वर्षी तुमचा काढू." मी म्हणायची, "माझ्या तोंडावर रवा सांडलाय, कशाला फिल्म वाया घालवता?" तुम्ही हसायचात आणि दिवा बंद करायचात. जगाचे डाग भरले, स्वतःचे मात्र उजेडात आणले नाहीत.

काल नातीला म्हटलं, "बाई, मला विचारलं होतंस का, काय काढायचं?" तिनं तो फोटो पुन्हा उघडला. मग म्हणाली, "सॉरी आजी. वण परत घालते." घातले, तर मशीननं मला गोवर उठल्यासारखी करून ठेवली! दोघी पोट धरून हसलो. शेवटी ठरलं, रविवारी सकाळी ती कॅमेरा घेऊन बसणार आणि मी खुर्चीवर. तोच फोटो लागेल.

हे पत्र टाकायला पेटी कुठं आहे, मला ठाऊक नाही, माझ्या जुन्या पेन्सिलींच्या डब्यात ठेवीन. आणि एक सांगून टाकते. तो गुळगुळीत फोटो मी पुसायला लावलेला नाही. जेवण झालं की रोज एकदा बघते. तशी दिसले असते तर, असं वाटतं हो. रागावू नका. पण माझ्या वणांवर तुम्ही दिवा कुठून लावला असता, डावीकडून की खिडकीचाच उजेड घेतला असता, तेवढं रविवारच्या आत कळवा.