आलटून पालटून लावलेले हुक

अण्णा,

तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होत आली. एवढ्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, आणि आज लिहितोय तेही जुन्या भांडणाचंच आहे.

मी सध्या मुलीकडे असतो, न्यूझीलंडमध्ये, पामर्स्टन नॉर्थ नावाच्या गावात. इथे रस्त्यावर माणूस दिसत नाही, कुंपण गुडघ्याएवढं, आणि मुलगी मागचं दार उघडं ठेवून कामाला जाते. मी दिवसातून चार वेळा कडी बघून येतो. "बाबा, इथे कोण येणारे चोरायला? रिलॅक्स," ती म्हणते. मला आता तिचाही भरवसा वाटत नाही. गेल्या रविवारी तिने मला गाडीत बसवलं आणि कुठे जायचं ते नीट सांगितलं नाही, तेव्हा वाटेत माझी खात्रीच झाली की ही मला वृद्धाश्रम दाखवायला नेतेय.

निघालं ते कपड्यांचं प्रदर्शन. शंभर वर्षांपूर्वी युरोपात बॅले नाचणाऱ्या कंपन्यांचे पोशाख, आणि शेजारी त्याच काळातले बायकांचे झगे. "तुमच्या शिंपीकामातलं आहे, बघा," मुलगी म्हणाली. पहिल्या काचेत कंबर आवळून बसवलेला झगा, आत ताठ पट्ट्या घातलेल्या. पुढच्या काचेत नाचाचा पोशाख: नारिंगी रेशमी ढगळ विजार, घोट्यापाशी चुण्या, वर अंगाबरोबर बसणारी चोळी, डोक्याला मोती लावलेला फेटा. त्याच्या पुढे पुन्हा बायकांचे कपडे, पण आता कंबर मोकळी, तशाच विजारी, तसेच फेटे. मुलीने पाटी वाचून मराठीत सांगितली. रंगमंचावर पूर्वेकडचे म्हणून हे कपडे दिसले, आणि बघायला आलेल्या बायकांनी आपापल्या शिंप्याकडे तसेच मागितले. हे सगळं मी आधी ऐकलेलं होतं. तुमच्याकडून. आणि थाप म्हणून सोडून दिलं होतं.

मला अजून दिसतं: तुम्ही साताऱ्याच्या आपल्या दुकानात शिलाई मशीनवर बसला आहात. गिऱ्हाईक जरा टेकलं की तुमची गोष्ट सुरू होते. लहानपणी मुंबईत एका शिंप्याकडे उमेदवारी करताना परदेशातली नाचाची कंपनी बोटीने आली, त्यांचे उसवलेले कपडे तुमच्या मालकाकडे आले आणि आठ दिवस तुम्ही दुसऱ्या कशाला हात लावला नाही. "मडमांनी आपली सलवार पळवली," असं म्हणून तुम्ही स्वतःच हसता. मी सातवीतून शाळा सोडून तुमच्या शेजारी बसलोय आणि मला स्वतःच्या वडिलांची लाज वाटते. ब्लाउजचे हुक तुम्ही आलटून पालटून लावता. एका बाजूला हुक, समोर कडी, त्याच्या खालचा बरोब्बर उलटा. "नाचणारीला कमरेला धरून उचलतात," तुम्ही मला समजावता. "सगळे हुक एका दिशेचे असले, तर एका हिसक्यात सगळे निघतात. उलटसुलट लावले की अर्धे तरी धरून ठेवतात."

मग एक दिवस शाळेतल्या बाई ब्लाउज परत घेऊन आल्या. "अहो, घालायलाच दहा मिनिटं लागतात. मी काय नाचायला जाते का शाळेत?" दुकानातली सगळी हसली. मीही हसलो आणि त्यांच्या देखत म्हणालो, "अण्णांचं काही ऐकू नका. कसली नाचाची कंपनी, हे कधी साताऱ्याच्या बाहेर गेले नाहीत." तुम्ही मान वर केलीत. "बरं," म्हणालात. त्यानंतर तुम्ही सगळे हुक सरळ लावलेत, आणि मरेपर्यंत ती गोष्ट पुन्हा काढली नाहीत.

त्या नारिंगी पोशाखामागे आरसा ठेवला होता. मी वाकलो. "बाबा, काचेला नाक लावू नका, अलार्म वाजेल." चोळीच्या पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत हुक होते. एक असा, एक तसा. माझा विश्वास बसेना. तिथे प्रदर्शन सांभाळणारी एक पिकल्या केसांची बाई होती, तिने "किया ओरा" असा इथला नमस्कार म्हणून हात केला.

"तिला विचार, हे हुक नंतर कुणी दुरुस्त करताना लावलेत का."

"बाबा, त्यांना काय वाटेल?"

"विचार."

बाई म्हणाली, दोरा मूळचाच आहे. नाचणारीला उचलतात, म्हणून तसे लावायचे. मला वाटलं, म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून सांगत असेल. मी शेजारच्या झग्याची पाठ बघितली. तिथे सगळे हुक एका दिशेचे. फक्त नाचाच्या कपड्यांना उलटसुलट.

"झालं समाधान?" मुलीने विचारलं.

"घरी चल. मागचं दार उघडं असेल."

अजूनही मन म्हणतं, तुम्ही हे दुसऱ्या कुणा कारागिराकडून ऐकलं असेल. ती कंपनी खरंच आली होती का, कुणाला विचारू? तुम्ही होतात तेव्हा विचारलं नाही. हे पत्र घडी करून सुयांच्या डब्यात ठेवतोय, मुलीच्या हाती लागू नये.

एक राहिलं. शाळेतल्या त्या बाईंच्या ब्लाउजचे हुक सरळ करण्यासाठी उसवायच्या आधी, तुम्ही जेवायला घरात गेला होतात तेव्हा, मी ते सगळे कड्यांत अडकवले आणि दोन्ही बाजूंनी जोर लावून ओढून पाहिले होते. एकही सुटला नाही. मग मी कात्री घेतली.